बोलण्याआधीचं इंजेक्शन

मानेत एक इंजेक्शन द्यायचं आणि युद्धाच्या किंवा अपघाताच्या आठवणींनी वर्षानुवर्षं झोप उडालेल्या माणसाला त्याने आराम पडतो, ही गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा मला ती अजिबात रुचली नव्हती. आज माझं मत वेगळं आहे. ते कशामुळे बदललं आणि कुठपर्यंत बदललं, एवढंच इथे सांगायचं आहे.

मी नगरला समुपदेशनाचं काम करते. आमच्याकडे सुईवर लोकांची भारी श्रद्धा. ताप असो, अशक्तपणा असो की घरातलं माणूस गेल्याचं दुःख, ‘डॉक्टर, एक सुई मारा’, नाहीतर ‘एक बाटली लावा’ हे ठरलेलं. तरुण मुलगा रात्री ओरडत उठायला लागला की आधी बाहेरचं बघितलं जातं. मग देवऋषी, मग सलाइन, मग झोपेच्या गोळ्या. सगळं करून थकल्यावर कुणीतरी आमचा पत्ता देतं. तोवर बराच काळ हातचा गेलेला असतो. अशा माणसाचा विश्वास मिळवायचा, त्याला घाई करायची नाही, आणि जे घडलं ते त्याच्याच तोंडून हळूहळू बाहेर येऊ द्यायचं, हे आमच्या कामाचं सार. मानेतलं ते इंजेक्शन मला सलाइनच्या बाटलीच्याच पंगतीतलं वाटलं. लोकांना बोलतं करायला आम्ही आयुष्य घालवायचं आणि कुणीतरी येऊन म्हणायचं, बोलायची गरज नाही, मान पुढे करा!

दुसरं कारण आणखी खोलवरचं होतं. आघाताला सामोरं जाण्यात माणसाची एक कमाई असते, असं मी मानत आले. आमच्या जिल्ह्याला त्याचं उदाहरण बाहेर शोधावं लागत नाही. राळेगणसिद्धीचे अण्णा हजारे १९६५च्या युद्धात खेमकरण भागात लष्करी गाडीवर चालक होते. हल्ल्यात सोबतचे जवान गेले, अण्णा वाचले. आपण वाचलो ते कशासाठी, हा प्रश्न घेऊन ते पुढे १९७५मध्ये फौज सोडून गावी आले आणि पाणलोटाच्या कामाला लागले. त्यांना कसला आजार होता असं मला मुळीच सुचवायचं नाही. पण जगण्याला अर्थ सापडला की जखम भरते, हा धडा पारनेर तालुक्यातल्या कितीतरी घरांप्रमाणे मीही त्यातून घेतला होता. तो आजही मला खरा वाटतो. फक्त प्रत्येकाला त्या अर्थापर्यंत चालत जाता येईलच, असं आता वाटत नाही.

नगर हे फौजेचं गाव. रणगाडादलाचं केंद्र आणि शाळा १९४८पासून इथे आहे. यांत्रिक पायदळाची रेजिमेंट १९७९मध्ये उभी राहिली, तिचंही केंद्र इथलंच. बाहेरगावचा पाहुणा आला की आपण त्याला हौसेने रणगाड्यांचं संग्रहालय दाखवायला नेतो. गावोगावी माजी सैनिक आहेत, २६ जानेवारीला पदकं लावून ते पहिल्या रांगेत बसतात. त्या पदकांमागे जे घरी येतं त्याच्याबद्दल मात्र आपण बोलत नाही. ‘फौजी जरा तापट आहे’, ‘रिटायर झाल्यापासून घेतो’, एवढ्यावर विषय संपतो.

लष्कराच्या के. के. रेंजवर सराव सुरू झाला की नगर, पारनेर, राहुरी तालुक्यांतल्या गावांत तोफांचे आवाज येतात. इतरांना त्यांची सवय झालेली असते. एका माजी सैनिकाच्या बायकोने मला सांगितलं, “ताई, आवाज आला की हे ताटावरून उठतात. हात धुवत नाहीत, काही नाही. घराच्या मागच्या भिंतीला पाठ लावून उभे राहतात. पोरांनी विचारलं तर म्हणतात, पाय मोकळे करायला आलोय.” ते गृहस्थ माझ्याकडे मोजकेच दिवस आले. फौजेतला प्रसंग सांगायची वेळ जवळ आली आणि त्यांनी येणं बंद केलं. निरोप पाठवला तर उत्तर आलं, आता बरं आहे. बरं नव्हतं, हे मला माहीत होतं आणि त्यांनाही.

या अवस्थेला वैद्यकशास्त्रात पीटीएसडी म्हणतात, मराठीत आघातोत्तर तणाव विकार. व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांचे हाल पाहिल्यावर अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८०मध्ये आपल्या अधिकृत यादीत त्याला जागा दिली. पण तो काही फक्त सैनिकांचा नाही. ३० सप्टेंबर १९९३च्या किल्लारीच्या भूकंपानंतर वाचलेल्यांच्या मनाचं काय झालं, याचा अभ्यास पुण्याचे मानसोपचारतज्ज्ञ डॉ. मोहन आगाशे यांनी केला, तेव्हा महाराष्ट्रात हा विषय गांभीर्याने पुढे आला. आमच्या शहरात ६ नोव्हेंबर २०२१ला, ऐन भाऊबीजेच्या दिवशी, जिल्हा रुग्णालयातल्या कोविडच्या अतिदक्षता विभागाला आग लागली आणि ११ रुग्ण दगावले. त्या धुरातून ज्यांनी आपलं माणूस ओढून काढलं, ज्यांना ते काढता आलं नाही, आणि त्या वेळी ड्युटीवर असलेल्या परिचारिका, त्यांतल्या किती जणांना नंतर कुणी विचारलं असेल, “झोप लागते का?”

या आजारावरचे पक्के उपचार आहेत, हे आधी सांगायला हवं. आघाताच्या आठवणीला तज्ज्ञाच्या सोबतीने, सुरक्षित जागी, पुन्हा पुन्हा सामोरं जाण्याची थेरपी आहे. त्या घटनेभोवती मनात घट्ट बसलेले समज तपासून बदलणारी थेरपी आहे. डोळ्यांच्या हालचालींचा वापर करणारी ईएमडीआर आहे. सर्ट्रालिनसारखी औषधं आहेत. मी स्वतः या उपचारांनी माणसं सावरलेली पाहिली आहेत. आणि याच उपचारांतून माणसं अर्ध्यावर निघून जातानाही पाहिली आहेत. निघून जाणाऱ्यांबद्दल आम्ही आपसांत म्हणायचो, ‘त्याची अजून तयारी नाही.’ मत बदलण्याची सुरुवात या वाक्यापासून झाली, कारण ते वाक्य एका माणसाला लागू पडेना.

तो पिकअप चालवायचा. कांदा, भाजीपाला, जे मिळेल ते भाडं. रात्रीच्या वेळी नगर-मनमाड रस्त्यावर समोर उसाची ट्रॉली उभी होती, मागे ना दिवा, ना रिफ्लेक्टर. शेजारी बसलेला मित्र जागच्या जागी गेला. याचा उजवा हात चेपला. हाड जुळलं, जखम भरली, पण हात काही बरा झाला नाही. सुजलेला, चकचकीत, कधी लाल तर कधी निळसर, आणि सतत आग. शर्टाची बाही घासली तरी तो कळवळायचा, पंख्याचा वारा सहन व्हायचा नाही. दुखापत भरून आली तरी वेदनेचं चक्र चालूच राहतं, असा हा आजार. डॉक्टर त्याला सीआरपीएस म्हणतात. त्यासाठी त्याचे उपचार पुण्याला चालू होते. माझ्याकडे तो झोपेसाठी आला होता.

त्याची तयारी होती. दर वेळी वेळेवर यायचा, मनापासून प्रयत्न करायचा. म्हणायचा, “राहुरी सोडली आणि...” आणि तिथेच थांबायचा. कपाळावर घाम, मानेच्या शिरा टरारलेल्या, नजर दाराकडे. “ताई, पाणी.” पुढच्या वेळी पुन्हा राहुरी सुटायची आणि गाडी तिथेच अडायची. श्वासाचे व्यायाम झाले, लिहून काढणं झालं, मानसोपचारतज्ज्ञांची औषधं चालू होती. सांगायची इच्छा पूर्ण होती, शरीर सांगू देत नव्हतं.

मग पुण्याच्या वेदनाचिकित्सकांनी हाताच्या आगीसाठी त्याच्या मानेत इंजेक्शन दिलं. त्याच्या बायकोने मला मोबाइलवर त्या दिवशीचा फोटो दाखवला. उजवी पापणी अर्धी खाली आलेली, डोळा लालसर. ती घाबरली होती, पण काही तासांत पापणी जागेवर आली. हात गरम झाला, आग कमी झाली. थोड्या दिवसांनी दुसरं इंजेक्शन झालं. त्यानंतर तो माझ्याकडे आला, खुर्चीत टेकून बसला आणि म्हणाला, “राहुरी सोडली आणि ट्रॉली दिसली तवा उशीर झाला होता.” मग तो सगळं बोलला. मित्राने शेवटी काय म्हटलं, आपण हात सोडवायला धडपडत होतो तेव्हा शेजारी काय चाललं होतं, दोष कुणाचा. रडला, थांबला, पुन्हा बोलला. पाणी मागितलं नाही.

माझ्या मनाने लगेच उत्तर शोधलं. हात दुखायचा थांबला की झोप लागणारच, झोप लागली की बोलता येणारच. यात नवल ते काय? आणि एका माणसाच्या अनुभवावरून काही सिद्ध होत नाही, हेही खरंच. पण प्रश्न डोक्यातून जाईना. म्हणून मी माझ्या ओळखीच्या एका भूलतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी प्रिस्क्रिप्शनच्या कागदावर मान आणि खांदा काढला आणि समजावून सांगितलं.

उसात बिबट्या समोर आला, तर छाती धडधडते, घाम फुटतो, बुबुळं विस्फारतात, पाय पळायला तयार होतात. हे सगळं सिम्पथेटिक मज्जासंस्था करते, आपल्याला न विचारता. बिबट्या गेला की ती शांत व्हायला हवी. आघाताने आजारी झालेल्या माणसात ती शांत होत नाही. बिबट्या कधीचा गेलेला असतो आणि पाचटाच्या सळसळीला शरीर तेच उत्तर देत राहतं. या मज्जासंस्थेच्या तंतूंचं एक मोठं जंक्शन मानेच्या तळाशी, दोन्ही बाजूंना असतं. त्याचं नाव स्टेलेट गँग्लियन. साधारण मानेच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर, सोनोग्राफीत बघत बघत, तिथे बधिर करणारं औषध सोडतात. दातांचे डॉक्टर वापरतात त्याच जातीचं. तो भाग काही तास गप्प होतो. पापणी उतरणं, आवाज घोगरा होणं ही औषध नेमक्या जागी किंवा आसपास पोचल्याची तात्पुरती लक्षणं.

हे इंजेक्शन वैद्यकाला नवीन नाही. हाताच्या असह्य वेदनांसाठी ते कित्येक दशकं वापरात आहे. हृदयाचे जीवघेणे, कशालाच न जुमानणारे ठोके आवरायलाही ते देतात. आघाताच्या आजारासाठी ते वापरून पाहिलं शिकागोचे भूलतज्ज्ञ डॉ. युजीन लिपोव्ह यांनी, आणि २००८मध्ये त्याबद्दल लिहिलं. औषध काही तासांत उतरतं, मग आराम आठवडेच्या आठवडे कसा टिकतो? मेंदूतला भीतीचा भाग आणि नॉरॲड्रिनॅलिन यांचं दुष्टचक्र त्या मध्यंतरात तुटत असावं, असं संशोधक मानतात. हा अजून अंदाज आहे.

पुढची पायरी म्हणजे पुरावा, आणि इथे मी मुद्दाम सावकाश वाचलं. २०१६मध्ये अमेरिकी नौदलाच्या सॅन डिएगोच्या रुग्णालयातली चाचणी प्रसिद्ध झाली. ४२ जण होते. काहींना खरं इंजेक्शन, काहींना नुसतं मिठाचं पाणी. दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. हे वाचून माझं जुनं मत सुखावलं, हे नाकारत नाही. मग त्याहून मोठी चाचणी हाती आली. अमेरिकी लष्कराच्या तीन रुग्णालयांत सेवेतल्या ११३ जवानांवर ती झाली आणि तिचे निष्कर्ष ‘जामा सायकियाट्री’ या नियतकालिकात २०२०च्या अंकात छापून आले. दोन आठवड्यांच्या अंतराने उजव्या बाजूला दोन इंजेक्शनं दिली आणि आठ आठवड्यांनी, कुणाला काय दिलं हे माहीत नसलेल्या तपासनिसांनी लक्षणं मोजली. ८० गुणांच्या त्या मापावर खऱ्या इंजेक्शनवाल्यांचे गुण सरासरी १२.६ने उतरले, खोट्यावाल्यांचे ६.१ने. म्हणजे जवळपास दुप्पट.

या आकड्यांकडे मी दोन्ही बाजूंनी बघते. खोट्या इंजेक्शननेही सहा गुण उतरले, म्हणजे काळजी घेतली जातेय या भावनेचीही ताकद आहे. पापणी उतरली की माणसाला आरशात कळतं, आपल्याला खरं औषध मिळालंय. तेव्हा चाचणी पूर्ण आंधळी राहत नाही. आठ आठवड्यांपुढे काय, याचं उत्तर त्या चाचणीत नाही. अमेरिकेच्या संरक्षण आणि माजी सैनिक खात्यांच्या २०२३च्या मार्गदर्शक सूचनांनी या उपचाराची शिफारसही केली नाही आणि त्याला नकारही दिला नाही. पुरावा अपुरा आहे, एवढंच म्हटलं. मला तो निवाडा योग्य वाटतो.

मग मत बदललं ते नेमकं काय? इंजेक्शनने आघात बरा होतो, असं मी आजही म्हणणार नाही. बदललं ते माझं माणसाबद्दलचं चित्र. आधी गोष्ट सांगून मन मोकळं होईल आणि मग शरीर शांत होईल, हा क्रम मी अढळ धरून बसले होते. काही माणसांत हा क्रम उलटा असतो. त्यांचं शरीर आधी शांत व्हावं लागतं, मगच त्यांना बोलायला जागा मिळते. गोळीने, व्यायामाने, श्वासाने ती जागा मिळाली तर उत्तमच. नाही मिळाली आणि एखाद्या इंजेक्शनने मिळत असेल, तर ते घेणाऱ्याला पळपुटा म्हणण्याचा अधिकार मला नाही. ‘त्याची तयारी नाही’ हे वाक्य मी आता वापरत नाही.

दुसरा बदल लाजेबद्दलचा. मला वाटायचं, मनाच्या आजाराला सुई दिली की लोक मनाकडे बघायचंच टाळतील. पण आमच्या भागातला फौजी ‘वेड्यांच्या डॉक्टर’कडे जायला मरणाएवढा घाबरतो. माजी सैनिकांसाठीच्या ईसीएचएसच्या दवाखान्यात तो गुडघे दाखवेल, साखर तपासेल, पण रात्री काय होतं ते सांगणार नाही. तुमच्या मज्जासंस्थेला दुखापत झालीय आणि ती शांत करायचा उपाय आहे, असं त्याला सांगितलं तर मान खाली न घालता तो ऐकून घेतो. मी हे करून पाहिलं आहे, इंजेक्शनचं नाव न काढताही. मी आता पहिल्या भेटीत घटनेबद्दल विचारत नाही. झोप, दचकणं, घाम, छातीची धडधड, पोट यांबद्दल विचारते. माणसं उत्तरं देतात.

जिथे मत बदललं नाही तेही तितकंच ठासून सांगायला हवं. हे इंजेक्शन म्हणजे कोपऱ्यावरच्या दवाखान्यात मारून घ्यायची सुई नव्हे. मानेत त्या जागेला लागून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आहेत, श्वासाचे आणि आवाजाचे मज्जातंतू आहेत, खाली फुप्फुसाचं टोक आहे. औषध चुकून रक्तवाहिनीत गेलं तर झटके येऊ शकतात. म्हणून ते प्रशिक्षित भूलतज्ज्ञाने किंवा वेदनाचिकित्सकाने, ऑपरेशन थिएटरसारख्या सज्ज जागी, सोनोग्राफी आणि मॉनिटर लावूनच द्यायचं असतं, आणि दोन्ही बाजूंना एकाच दिवशी देत नाहीत. ‘एका सुईत भीती गायब’ अशी पाटी कुणी लावली, तर तिथून परत फिरा. पक्के उपचार आधी, मानसोपचारतज्ज्ञाचा सल्ला आधी. मी आजवर कुणालाही पहिला उपाय म्हणून हे सुचवलेलं नाही.

आणि सुई जे करू शकत नाही तेही खूप आहे. त्या पिकअपवाल्याला झोप लागली, पण मित्राच्या आईला तोंड दाखवायचं धैर्य कुठलंही औषध देऊ शकत नव्हतं. त्यासाठी आम्ही बरंच बोललो. शेवटी तो बायकोला घेऊन तिच्या दारात गेला. त्या माउलीने त्याला आत बोलावून चहा केला. बरं होणं म्हणतात ते मला त्या चहात दिसलं, पण त्या दारापर्यंत तो पोचला कारण त्याआधी त्याच्या शरीराने त्याला सोडलं होतं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि एकीसाठी दुसरी खोटी ठरवायची गरज नाही.

माझी मागणी साधी आहे. हा प्रश्न अमेरिकी जवानांवरच्या आकड्यांवर सोडून देऊ नये. नगरला लष्कराची एवढी मोठी केंद्रं आहेत, लोणीला आणि विळद घाटात वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, पुण्यात सशस्त्र दलांचं वैद्यकीय महाविद्यालय आहे. भूलतज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ आणि आमच्यासारखे बोलणारे लोक एकत्र बसले, तर आपल्या माणसांवर, त्यांच्या संमतीने, काटेकोर चाचणी करता येईल. हे इंजेक्शन इथेही उपयोगी पडतं का, कुणाला, किती काळ, बोलण्याच्या उपचाराला जोडून दिलं तर जास्त टिकतं का, हे कळेल. निकाल विरोधात गेला तर मी तो मान्य करीन आणि तसं याच मोकळेपणाने लिहीन.

तोवर ज्या घरात कुणी तोफेच्या आवाजाने ताटावरून उठतं, त्या घराला माझं सांगणं आहे. त्याला तापट म्हणू नका, बाहेरचं झालंय म्हणू नका, आणि ‘विसर आता’ तर अजिबात म्हणू नका. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक फुकट आहे, रात्रंदिवस चालू असतो आणि त्यावर मराठीत बोलता येतं. पहिला फोन त्याने करायला हवा असं नाही. बायकोने करावा, भावाने करावा, मुलाने करावा.